कडा परिसरातील लोमापहरण : एक प्रकाशीय विवेचन

मानवी देहावरील केसांचे वर्गीकरण वैद्यकशास्त्र त्यांची जाडी, लांबी आणि रंग यांवरून करते आणि त्यांतील बारीक, मऊ, फिकट केसांना लव, तर जाड आणि काळ्या केसांना प्रौढ केस असे म्हणते. समाज मात्र इतक्या खोलात न शिरता त्यांचे दोनच वर्ग मानतो, असायला हवेत ते आणि असता कामा नयेत ते. केस ज्या द्रव्याचा बनतो ते केरॅटिन नावाचे प्रथिन दोन्ही वर्गांत एकच असते, त्याला काळेपणा देणारे मेलॅनिन नावाचे रंगद्रव्यही एकच असते, आणि तरीही हा काळा धागा कपाळाच्या वर उगवला तर त्याच्या वाट्याला शिकेकाई, खोबरेल आणि रविवारची सगळी सकाळ येते, तर तोच वीतभर खाली, वरच्या ओठावर उगवला की घरात दबक्या आवाजात बैठक भरते. त्यातही केवळ जागा हा निकष पुरेसा नाही. सोळाव्या वर्षी मुलाला मिसरूड फुटले की चुलते-मामे त्याच्या पाठीवर थाप मारतात आणि तो स्वतः आरशासमोर जास्त वेळ उभा राहू लागतो. त्याच वयाच्या त्याच्या बहिणीच्या ओठावर त्याच्या दहाव्या हिश्शाची लव दिसली तरी मावशी आईला बाजूला घेऊन ‘पोरीचं काहीतरी बघ बाई’ असे सुचवते, आणि हे ‘काहीतरी’ कशाविषयी आहे हे दोघींनाही न सांगता कळते.

या पक्षपाताला परंपरेचे पाठबळ भक्कम आहे. सुश्रुतसंहितेच्या चिकित्सास्थानात व्रणावर करावयाचे साठ उपक्रम सांगितले आहेत आणि त्यांत रोमसंजनन, म्हणजे केस उगवून आणण्याची क्रिया, आणि लोमापहरण, म्हणजे केस काढून टाकण्याची क्रिया, या दोहोंचा समावेश आहे. दुसऱ्या क्रियेसाठी शंखाचे चूर्ण आणि हरताल, म्हणजे आर्सेनिक आणि गंधक यांचे पिवळे संयुग, यांचा लेप सांगितला आहे. आजच्या स्किन क्लिनिकच्या पाटीवरही ‘हेअर ट्रान्सप्लांट’ आणि ‘हेअर रिमूव्हल’ हे दोन शब्द एकमेकांना खेटून लिहिलेले असतात, यावरून या व्यवसायाचा मूळ आराखडा सुश्रुतापासून फारसा बदललेला नाही, फक्त आर्सेनिक वगळले गेले आहे, असे म्हणण्यास हरकत नसावी. घरगुती शाखेचा अभ्यास केला तर ती आणखी लवकर कामाला लागते असे दिसते. बाळ महिन्याभराचे होत नाही तोच आजी तेल लावलेला कणकेचा गोळा त्याच्या पाठीवरून आणि कपाळावरून फिरवू लागते, पुढे मामाच्या मांडीवर बसवून त्याचे जावळ काढले जाते, आणि अशा रीतीने मराठी माणूस बोलायला शिकण्यापूर्वीच केस काढण्याच्या दोन पद्धतींतून गेलेला असतो. तिसरी पद्धत, म्हणजे प्रकाश, त्याच्या आयुष्यात पुष्कळ उशिरा येते आणि तिच्यासाठी नगरला जावे लागते.

कडा हे बीड जिल्ह्याच्या आष्टी तालुक्यातील गाव नगर-जामखेड रस्त्यावर आहे, आणि जिल्ह्याचे ठिकाण बीड असले तरी मोठा दवाखाना, मुलांचे कॉलेज आणि लग्नाचा बस्ता या तिन्ही कामांसाठी इथल्या माणसाची पावले पूर्वीपासून नगरकडे, म्हणजे कागदोपत्री आता अहिल्यानगर झालेल्या आणि बोलण्यात अजून नगरच राहिलेल्या शहराकडे वळत आली आहेत. या प्रवासाच्या संदर्भात एक कालगणना अभ्यासकांच्या नजरेतून सुटलेली दिसते. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने केस काढण्याच्या पहिल्या लेझर यंत्राला १९९५ मध्ये परवानगी दिली आणि नगर-बीड-परळी या २६१ किलोमीटरच्या रेल्वेमार्गाला १९९५-९६ मध्ये मंजुरी मिळाली. दोन्ही योजना जवळपास एकाच वेळी निघाल्या. लेझर यंत्राने समुद्र ओलांडले, मुंबई-पुणे पादाक्रांत केले, तालुक्याच्या रस्त्यांवर आपल्या जाहिरातींचे फ्लेक्स लावले. रेल्वे २३ सप्टेंबर २०२२ रोजी नगरहून आष्टीपर्यंतचे ६६ किलोमीटर पार करून आली, त्या ओघात कड्यालाही स्टेशन मिळाले, आणि बीडमध्ये तिने १७ सप्टेंबर २०२५ रोजी पाऊल टाकले. तेव्हा लेझरच्या सहा ते आठ सिटिंगना फार वेळ लागतो, अशी तक्रार इतर कोणत्याही तालुक्याने करावी, आष्टी तालुक्याने करणे शोभत नाही.

उपचाराचे तत्त्व असे आहे. लेझर म्हणजे एकाच रंगाचा, एकाच लयीत आणि एकाच दिशेने जाणारा प्रकाश. थिओडोर मेमन या अमेरिकी शास्त्रज्ञाने १६ मे १९६० रोजी माणकाच्या कांडीतून असा प्रकाश पहिल्यांदा बाहेर काढला, तेव्हा त्याचा उपयोग पुढे मानेवरची लव घालवण्यासाठी होईल असे भाकीत कोणी केले असते तर प्रयोगशाळेतून त्याला बाहेर काढले असते. १९८३ मध्ये रॉक्स अँडरसन आणि जॉन पॅरिश यांनी ‘सायन्स’ या नियतकालिकात एक सिद्धान्त मांडला, त्याचा मराठीत सरळ अर्थ असा, की प्रकाशाचा रंग आणि त्याच्या झोताची मुदत नीट निवडली तर कातडीतील हवी ती वस्तू तापवून नष्ट करता येते आणि तिच्या शेजाऱ्याला काही कळतही नाही. केसाच्या बाबतीत ही हवी ती वस्तू म्हणजे त्यातील मेलॅनिन होय: काळे द्रव्य प्रकाश शोषून घेते, तापते, ती उष्णता केसाच्या दांड्यातून त्याच्या मुळाशी असलेल्या वाढीच्या पेशींपर्यंत उतरते आणि त्या पेशी निकामी होतात. झोत एका सेकंदाच्या काही हजारांश ते काही शतांश भागापुरताच असतो, कारण कातडीचा वरचा पातळ थर लवकर थंड होतो आणि जाड केस सावकाश थंड होतो, या फरकातच सगळा उपचार बसवलेला आहे. शिवाय यंत्राचे टोक थंड ठेवलेले असते किंवा कातडीवर गार जेल थापलेले असते. थोडक्यात, आजूबाजूच्या कातडीच्या केसालाही धक्का न लावता नेमका केसालाच धक्का लावायचा, असा हा नाजूक व्यवहार आहे, आणि त्या वेळी होणाऱ्या वेदनेचे वर्णन दवाखान्यात ‘मुंगी चावल्यासारखे’ असे केले जाते. ती मुंगी कोणत्या जातीची, हे मात्र सिटिंग सुरू झाल्यावरच कळते.

एका सिटिंगमध्ये काम का होत नाही, हा प्रश्न शहरी गिऱ्हाईक हटकून विचारते. कड्याच्या शिवारात वाढलेल्या बाईला तो विचारावा लागत नाही, कारण तिने खुरपणी केलेली असते. पहिल्या खुरपणीत रानात दिसते तेवढे तण निघते, मातीतले बी तसेच राहते, पंधरा दिवसांनी एक पाऊस पडला की बांधापासून बांधापर्यंत पुन्हा हिरवे दिसते, आणि याबद्दल कोणी खुरप्याला दोष देत नाही. केसांचेही तसेच असते. प्रत्येक केस वाढ, उतार आणि विश्रांती अशा तीन अवस्थांतून आळीपाळीने जातो, आणि प्रकाशाने मूळ निकामी होण्याची खरी संधी केस वाढीच्या अवस्थेत असतानाच असते, कारण तेव्हाच तो आपल्या मुळाशी घट्ट जोडलेला आणि काळ्या द्रव्याने भरलेला असतो. विश्रांतीत गेलेला केस झोताखालून सहीसलामत सुटतो आणि यथावकाश डोके वर काढतो. एकाच ओठावरचे सगळे केस एकाच वेळी वाढीला लागतील असा त्यांच्यात ठराव झालेला नसतो. म्हणून चेहऱ्यासाठी चार ते सहा आठवड्यांच्या, हातापायांसाठी त्याहून मोठ्या अंतराने सिटिंग ठेवल्या जातात.

प्रकाशाची निवड हा या विषयातील खरा अवघड भाग आहे, कारण मेलॅनिन केवळ केसात नसते, ते कातडीतही असते, आणि लेझरला जातपात कळत नसली तरी रंग कळतो. सुरुवातीची यंत्रे माणकाच्या ६९४ नॅनोमीटर लांबीच्या लहरीवर चालत (नॅनोमीटर म्हणजे मीटरचा एक अब्जांश भाग), आणि ती गोरी कातडी व काळा केस असलेल्या माणसासाठी उत्तम होती. सावळ्या कातडीवर तोच प्रकाश वरच्या वरच शोषला जाई आणि केसाऐवजी कातडी भाजे. पुढे ७५५ नॅनोमीटरचे अलेक्झांड्राइट, ८०० ते ८१० च्या आसपासचे डायोड आणि १०६४ चे एनडी-याग अशी यंत्रे आली. लहर जितकी लांब तितका प्रकाश खोल जातो आणि कातडीतल्या मेलॅनिनकडे कमी लक्ष देतो, म्हणून काळ्यासावळ्या कातडीसाठी शेवटचे यंत्र सर्वांत निर्धोक मानले जाते. कोणाला कोणते यंत्र, हे ठरवण्यासाठी टॉमस फिट्झपॅट्रिक या अमेरिकी त्वचारोगतज्ज्ञाने १९७५ मध्ये मांडलेली प्रतवारी वापरतात. तीत माणसाची कातडी उन्हात भाजते की रापते यावरून तिचे प्रकार पाडले आहेत. आरंभी ही प्रतवारी गोऱ्या कातडीपुरतीच होती, गव्हाळ-सावळ्या आणि काळ्या कातडीला पाचवा आणि सहावा हे क्रमांक मागाहून जोडण्यात आले, म्हणजे जगातल्या बहुसंख्य माणसांना पुरवणी यादीत घेण्यात आले. भारतीय माणूस साधारणपणे चौथ्या आणि पाचव्या प्रकारात मोडतो. तथापि फिट्झपॅट्रिक यांना आष्टी तालुक्यातील शेतकरी पाहण्याचा योग आला असता, तर टोपीखालचे कपाळ एका प्रकारचे, टोपीबाहेरचे दुसऱ्या, बंडीच्या आतला दंड तिसऱ्या आणि कोपराखालचा हात चौथ्या प्रकारचा असलेला एकच मनुष्य कोणत्या रकान्यात लिहावा, याचा त्यांनी स्वतंत्र विचार केला असता.

यापुढची अट मात्र विनोदाने टाळता येण्यासारखी नाही. रापलेल्या कातडीत मेलॅनिन वाढलेले असते आणि त्यामुळे भाजण्याचा व डाग पडण्याचा धोका वाढतो, म्हणून सिटिंगच्या आधी आणि नंतर काही आठवडे उन्हात जाऊ नये, गेल्यास सनस्क्रीन लावावे, अशी सूचना छापील कागदावर दिली जाते. ही सूचना ज्याने तयार केली त्याच्या डोळ्यांसमोर पर्जन्यछायेतला, झाडाला सावली मागावी तर झाडच आपल्याकडे पाण्याची अपेक्षा करते असा प्रदेश नसावा. उन्हात जाऊ नये याचा अर्थ कांदा काढणीला जाऊ नये, म्हशीला पाण्यावर नेऊ नये, बस येईपर्यंत स्टँडवर उभे राहू नये, असा होतो, आणि हे सर्व वगळल्यावर जे उरते त्याला कड्यात आजारपण म्हणतात. या अटीचे काटेकोर पालन करणारा एकच समाजगट इथे आढळतो, तो म्हणजे स्कूटीवरून कॉलेजला जाणाऱ्या मुलींचा: डोळे सोडून सगळा चेहरा स्कार्फने गुंडाळलेला, हातात कोपरापर्यंत मोजे, वर गॉगल. धुळीसाठी, उन्हासाठी आणि ओळखीच्या काकांसाठी घेतलेली ही खबरदारी त्वचारोगतज्ज्ञाच्या कागदाशी शब्दशः जुळते. दवाखान्यात झोताच्या वेळी डोळ्यांवर वेगळा गॉगल लावावा लागतो, कारण डोळ्याच्या आतल्या पडद्यातही मेलॅनिन असते. तोही त्यांना नवखा वाटत नाही.

दुसरी अट घरातल्या वडीलधाऱ्यांना अधिक झोंबते. लेझरपूर्वी तीन-चार आठवडे थ्रेडिंग, वॅक्सिंग आणि चिमटा बंद ठेवावे लागतात, कारण ज्या दांड्यातून उष्णता मुळाशी जायची तोच उपटून टाकला तर प्रकाशाला उतरायला जिनाच राहत नाही. उलट सिटिंगच्या दिवशी कातडीबाहेरचा केस वस्तऱ्याने किंवा ट्रिमरने सफाचट करावा लागतो, नाहीतर झोत वरच्या केसावरच खर्च होतो आणि कातडी पोळते. म्हणजे केस घालवण्यासाठी आधी महिनाभर ते जपायचे, आणि मग मुलीच्या तोंडाला वस्तरा लावायचा. सोबत आलेली आई इथे खुर्चीवरून उठते. वस्तरा लागला की केस राठ आणि दुप्पट येतात, ही श्रद्धा तिच्या आईकडून तिच्याकडे आलेली असते, आणि मिल्ड्रेड ट्रॉटर या शरीरशास्त्रज्ञ बाईंनी १९२८ मध्येच मोजमाप करून दाढी केल्याने केसांची जाडी किंवा वाढीचा वेग बदलत नाही असे दाखवून दिले होते, ही माहिती सुमारे शंभर वर्षांत नगरच्या अलीकडे पोचलेली नसते. कापलेल्या केसाचे टोक बोथट असते म्हणून तो बोटाला राठ लागतो, एवढेच त्यात तथ्य आहे. आईची समजूत शास्त्राने पटत नाही. ‘मशीनच्या आधी करावंच लागतं, मावशी’ या परिचारिकेच्या एका वाक्याने पटते, कारण मशीन हा शब्द आला की वाद संपतो.

आता या दोन्ही अटी, सिटिंगची संख्या आणि त्यांच्यातील अंतर पंचांगावर मांडून पाहावे. लग्न वैशाखात धरले तर आठ सिटिंग पूर्ण होण्यासाठी मागे मोजत जावे लागते आणि आरंभ श्रावण-भाद्रपदाच्या आसपास येतो, म्हणजे नेमका चातुर्मासात, जेव्हा आकाशात ढग असतात, ऊन सौम्य असते, लग्ने नसतात आणि त्यामुळे पाहुण्यांसमोर तोंड दाखवण्याचे प्रसंगही कमी असतात. लग्नाचे मुहूर्त काढणाऱ्यांच्या ध्यानीमनी नसताना लेझरसाठी वर्षातील सर्वांत शास्त्रशुद्ध काळ त्यांनी मोकळा ठेवला आहे. अडचण एवढीच, की श्रावणात मुलीसाठी स्थळ पक्के झालेले नसते आणि ते पक्के होण्यासाठीच तर लेझर करायचे असते, त्यामुळे कुटुंबाला एका अनोळखी मुलासाठी आठ-नऊ महिने आधी प्रकाश विकत घ्यावा लागतो.

योगायोग असा, की याच चातुर्मासात कड्याच्या आसमंतात केस काढण्याची आणखी एक पद्धत, पूर्ण वेगळ्या हेतूने, श्रद्धेने पाळली जाते. कड्यात जैन समाज जुना आहे, अमोलक जैन विद्या प्रसारक मंडळ ही शिक्षणसंस्था याच गावची, आणि नगर-आष्टी हा पट्टा स्थानकवासी साधुसाध्वींच्या विहाराचा. जैन साधू आणि साध्वी केशलोच करतात, म्हणजे डोक्यावरचे केस वस्तरा न वापरता हाताने उपटून काढतात, बोटे घसरू नयेत म्हणून राख लावतात, आणि संवत्सरीपूर्वी, म्हणजे पर्युषणाच्या शेवटच्या क्षमापनेच्या दिवसापूर्वी, हे व्रत पुरे झालेले असावे असा दंडक आहे. त्यात गार जेल नसते, पॅकेज नसते, ‘मुंगी चावल्यासारखे वाटेल’ असे आश्वासनही नसते. देहाचा मोह सोडण्यासाठी केस काढणारी साध्वी आणि देह नीट दिसावा म्हणून केस काढणारी मुलगी एकाच रस्त्याने, पहिली अनवाणी आणि दुसरी एसटीने, जात असतात, आणि वेदना सहन करण्याच्या बाबतीत पहिलीपुढे दुसरीने तोंड उघडू नये हे उघड आहे. त्याच तालुक्यात सावरगावला मच्छिंद्रनाथांचा गड आहे आणि नाथपंथी जोग्यांच्या जटांना कात्री लागत नाही, तेव्हा केसांविषयी टोकाची मते ऐकायची असतील तर त्यासाठी आष्टी तालुक्याबाहेर जाण्याचे कारण नाही.

संन्याशाने आपले केस काढणे आणि समाजाने दुसऱ्याचे केस काढणे यांत अंतर आहे, आणि महाराष्ट्राला ते एकोणिसाव्या शतकात शिकावे लागले. विधवेच्या केशवपनाची चाल तेव्हा उच्चवर्णीयांत रूढ होती. १८९० मध्ये मुंबईत सत्यशोधक नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने नाभिकांनी एकत्र येऊन असे वस्तरे चालवण्यास नकार दिला. ज्यांच्या हातात वस्तरा होता त्यांना लाज वाटली आणि ज्यांनी तो चालवण्याचा हुकूम दिला होता त्यांना वाटली नाही, ही त्या प्रसंगातली ध्यानात ठेवण्याजोगी गोष्ट आहे. आज हुकूम कोणी देत नाही, फक्त बायोडेटासोबतचा फोटो मोठा करून पाहतात.

‘कायमचे’ हा शब्द क्लिनिकच्या पाटीवर सर्वांत मोठ्या अक्षरांत असतो आणि त्याच्याविषयी सर्वांत कमी बोलले जाते. ज्या अमेरिकी प्रशासनाचा वर उल्लेख आला त्याने लेझरसाठी कायमची केसमुक्ती हा शब्दप्रयोग मान्य केलेला नाही, केसांच्या संख्येत टिकाऊ घट एवढाच दावा मान्य केला आहे. म्हणजे उपचारानंतर पुन्हा उगवणारे केस कमी, बारीक आणि फिकट असतात, आणि वर्षसहा महिन्यांनी एखादी जादा सिटिंग घ्यावी लागते. केस खरोखर कायमचा घालवण्याचा मान विद्युत्‌विच्छेदनाला, म्हणजे प्रत्येक केसाच्या मुळाशी बारीक सुई घालून तिच्यातून वीज सोडण्याच्या पद्धतीला आहे. ती चार्ल्स मिशेल या सेंट लुईसच्या नेत्रवैद्याने १८७५ मध्ये डोळ्यात टोचणाऱ्या उलट्या पापणीसाठी वापरलेली असून एकेक केस हाताळायचा असल्याने दंडावरच्या केसांसाठी तिचा अवलंब करणाऱ्याला नोकरीधंदा सोडावा लागेल. आणि ‘कायमचे’ या शब्दाच्या मागे लागून काय होऊ शकते याचाही इतिहास आहे: क्ष-किरणांचा शोध लागून वर्ष होते न होते तोच १८९६ मध्ये व्हिएन्नाच्या लेओपोल्ड फ्रॉइंड यांनी या किरणांनी केस गळतात हे दाखवले, आणि १९२० च्या दशकात अमेरिकेतील सौंदर्यगृहांत ट्रायको नावाच्या यंत्रापुढे हजारो स्त्रियांनी आपले गाल धरले, केस गेले, त्यामागून कातडी सुरकुतली आणि पुढे अनेकींना कर्करोग झाला. त्या मानाने लेझर हा सभ्य उपचार आहे. तो तज्ज्ञ हातांत सुरक्षित आहे, उपयोगीही आहे, त्याची बदनामी होते ती पाटीमुळे.

सर्वांत मोठी गंमत उपचाराने केस वाढण्याची आहे. काही जणांच्या, विशेषतः काळ्यासावळ्या कातडीच्या स्त्रियांच्या, चेहऱ्यावर आणि मानेवर अपुऱ्या तीव्रतेचा प्रकाश पडला की झोपलेली लव जागी होऊन जाड, काळी होऊ लागते. याला विरोधाभासी केशवृद्धी म्हणतात आणि तिच्यावर उपाय म्हणून बहुधा पुन्हा लेझरच करतात, त्यामुळे क्लिनिकच्या हिशोबात तोटा कोणत्याच बाजूने येत नाही. म्हणून गालावरच्या निव्वळ लवेला समजूतदार डॉक्टर हात लावत नाहीत. हेच ऑनलाइन मागवलेल्या घरगुती यंत्रांबाबत, जी बहुधा लेझर नसून अनेक रंगांचा एकत्र झगमगाट सोडणारे दिवे असतात, जास्त जपून पाहायला हवे. त्यांतल्या पुष्कळ यंत्रांना कातडीचा रंग ओळखणारा डोळा असतो आणि रंग फार गडद वाटला तर ती पेटतच नाहीत. पैसे भरून घरी मागवलेल्या यंत्राने रंग पाहून नकार कळवावा, हा अनुभव मुलीला स्थळांच्या बाबतीत येऊन गेलेला असतो. यंत्र निदान ‘पत्रिका जुळत नाही’ असे कारण देत नाही.

शिवाय हनुवटीवर अचानक राठ केस येऊ लागले, पाळी अनियमित झाली, वजन वाढले, तर तो प्रश्न कातडीचा नसून संप्रेरकांचा, म्हणजे रक्तातून फिरून अवयवांना आदेश देणाऱ्या रसायनांचा असू शकतो, आणि लोक ज्याला सरसकट पीसीओडी म्हणतात त्याची तपासणी आधी करावी लागते. मूळ कारण तसेच ठेवून लेझर केला तर शरीर नव्या केसांचा पुरवठा चालू ठेवते. अशा केसांचे मोजमाप फेरिमन आणि गॅलवे यांनी १९६१ मध्ये सुचवलेल्या आणि पुढे सुधारलेल्या पद्धतीने करतात, ओठ, हनुवटी, छाती अशा नऊ जागांना प्रत्येकी शून्य ते चार गुण देऊन, एकूण ३६ पैकी. ज्या परीक्षेत शून्य मिळाल्याचा आनंद घरात साजरा व्हावा अशी ही बहुधा एकमेव परीक्षा असेल.

खर्चाची बाजू अर्थशास्त्रज्ञांनी हाताळावी अशी आहे. क्लिनिकमध्ये पॅकेज रुपयांत सांगतात, घरी येईपर्यंत त्याचे रूपांतर कांद्याच्या क्विंटलांत होते, आणि कांद्याचा भाव कोणाच्या बापाचा नसल्याने ओठाचा खर्च दर बाजाराला बदलत राहतो. निर्यातबंदीची बातमी आली की हनुवटी पुढच्या हंगामावर ढकलली जाते. त्या अवधीत पार्लरमधले वॅक्स कामाला येते, आणि त्याचा घरगुती प्रकार साखर, लिंबू आणि पाणी उकळूनच करतात. बीड जिल्ह्यातून लाखो माणसे दरवर्षी पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात ऊस तोडायला जातात. त्यांनी तोडलेल्या उसाची साखर त्यांच्याच जिल्ह्यात परत येऊन पुतणीच्या दंडावर चिकटते आणि एका हिसक्यात निघते, हा सहकारी साखर उद्योगाचा कोणत्याही अहवालात न आलेला उपपदार्थ आहे.

पुरुषवर्ग या विवेचनातून सुटला असे समजण्याचे कारण नाही, कारण दाढीची कड कोरीव राहावी म्हणून गालाच्या वरच्या भागावर लेझर करून घेणारे नवरदेव आता नगरच्या प्रतीक्षाकक्षात दिसतात, फक्त ते ‘पिंपल्ससाठी आलोय’ असे सांगतात. त्यांचे वडील अजून या मार्गाला लागलेले नाहीत. कानावर केस असणे भाग्याचे लक्षण मानणारी ती पिढी आहे आणि तिच्या भाग्याला कात्री लावण्याची हिंमत गावच्या सलूनमध्येही सहसा होत नाही. आता मन बदलले तरी उपयोग नाही. केस पांढरा झाला म्हणजे त्यातले मेलॅनिन गेले, मेलॅनिन गेले म्हणजे प्रकाशाला पकडायला काही उरले नाही, आणि मग अमेरिकेचे असो की जर्मनीचे, लाखमोलाचे यंत्र पांढऱ्या केसावरून असे निघून जाते जणू तो तिथे नाहीच. हाच नियम आजीच्या हनुवटीवरच्या त्या दोन केसांना लागू पडतो, ज्यांच्याविषयी नात सिटिंग संपल्यावर, आलोच आहोत तर, म्हणून डॉक्टरांना विचारते. तिला मिळणारे शास्त्रशुद्ध उत्तर चिमटा हे असते, आणि तो विकत घेण्याची गरज नसते. बाभळीचे काटे काढण्यासाठी तो कड्यातल्या घराच्या कोनाड्यात आधीपासून असतो, फक्त आजीला तिचे स्वतःचे केस दिसत नसल्याने तो नातीला धरावा लागतो.